सातपदरचा चौथा कागद

सातपदर हा मुलूख कुठल्याही जिल्ह्यात मोडत नव्हता. त्याला कचेरी नव्हती, तलाठी नव्हता, दप्तर नव्हते, आणि म्हणून या देशातल्या रूढ समजुतीप्रमाणे तो मुळात नव्हताच. तरीही त्यात निऱ्यांसारख्या एकामागे एक पडलेल्या सात डोंगररांगा होत्या, अकरा नद्या होत्या, तीन घाट होते. वाकून बघणाऱ्याला त्याचा चेहरा न दाखवता पाठ दाखवणारे एक तळे होते, आणि दर अमावास्येला चुली-गुरांसकट उठून शेजारच्या टेकडीवर जाऊन बसणारे एक खेडे होते. हे सगळे चार ड्रॉइंग शीटांवर मावले होते. ते जिने काढले त्या सुरय्या मुल्लाला सरकार दरमहा जो पगार देई, तो तिने स्वतःची एकही रेघ ओढू नये याबद्दल देई.

साताऱ्यातल्या एका पाटबंधारे कचेरीत ती ट्रेसर होती. आरेखकाने पेन्सिलीने काढलेल्या आकृतीवर ट्रेसिंगचे कापड ताणायचे, शाई धरावी म्हणून त्यावर खडूची भुकटी चोळायची, आणि खालची प्रत्येक रेघ वर जशीच्या तशी उतरवायची, हे ट्रेसरचे काम. जशीच्या तशी, या दोन शब्दांत त्या धंद्याचे सगळे धर्मशास्त्र आले. आरेखकाचा हात जिथे थरथरला तिथे ट्रेसरचाही थरथरावा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पोटकालव्याच्या आकृतीत पाणी चढावर चाललेले दिसले, तेव्हा सुरय्याने ते साहेबांच्या नजरेस आणण्याचा अपराध केला. तिला लेखी समज मिळाली: अनुरेखकाने आकृतीच्या आशयाविषयी मतप्रदर्शन करू नये. त्या कालव्याचे पुढे काय झाले हे सांगणारा कागद कचेरीत शोधून सापडणार नाही. समजेचा कागद सापडेल. तो तिच्या सेवापुस्तकात नीट डकवलेला आहे.

अशा बाईकडे चौऱ्याहत्तर साली सुभेदार लालासाहेब नकाशा मागायला आले.

लालासाहेब कडेगावचे, सुरय्याच्या वडिलांचे दोस्त. सव्वीस वर्षे फौजेत काढली, त्यातली शेवटची सहा रंगरूटांना शिकवण्यात. तिथे त्यांच्या ताब्यात एक वाळूचा चौथरा होता. ओल्या वाळूचे डोंगर करायचे, हिरव्या भुकटीची जंगले पसरायची, आरशाच्या तुकड्यांची तळी मांडायची. मग भोवती उभ्या जवानांनी सांगायचे की मी इथून असा जाईन, गनीम तिथून आला तर असा वळेन, आणि पुढे काय झाले ते उस्तादाने सांगायचे. निवृत्त होऊन गावी आल्यावर लालासाहेबांना पेन्शन मिळाली, उसाचे रान मिळाले, लग्नकार्यात पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. चौथरा मिळाला नाही. दोन वर्षे त्यांनी तो न मिळाल्याचे दुःख सोसले आणि तिसऱ्या वर्षी विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत स्वतःचा खेळ मांडला.

खेळ असा होता. लालासाहेब सांगत आणि बाकीचे वागत. प्रत्येक गडी त्या मुलखातला एकेक माणूस होई आणि दर रविवारी दुपारी त्याच माणसाच्या अंगाने बोले. बाजारपेठेत अत्तर-उदबत्तीचे दुकान असलेला, मिशा ओठाखाली उतरलेला शमशेर आतार हा झुंबर नावाची चेटकीण होता, आणि तिचे सौभाग्य, नखरे व शापवाणी तो इतक्या निष्ठेने सांभाळी की दुकानात गिऱ्हाईकसुद्धा त्याला 'काय झुंबरबाई' म्हणू लागले होते. ऊसवाले आकाराम हे डोंगरवाटांचे वाटाडे होते. तोफखान्यातून हवालदार होऊन आलेले नाथाजी हे सातपदरच्या राणीचे गोलंदाज. आठ रेड्यांनी ओढायची एक तोफ घेऊन ते तीन वर्षे हिंडत होते आणि ती अजून एकदाही उडालेली नव्हती. जिथे नशिबाचा प्रश्न येई तिथे सात कवड्या फेकत. किती उताण्या पडल्या त्यावरून माणूस कड्यावरून पडे किंवा वाचे.

फक्त पायाखाली जमीन हवी होती. ती वाळूची असून भागणार नव्हते, कारण खोलीत कोंबड्या येत.

"पोरी, मुलूख पायजे मला," लालासाहेब तेव्हा म्हणाले होते. "कुठला, ते इचारू नगंस. कुठलाच न्हाई असा."

"कशावरनं उतरवायचा, काका?"

"कशावरनंच न्हाई."

त्या उत्तराने सुरय्याचा हात आठ दिवस कागदाला लागला नाही. कापडाखाली काही नाही आणि तरी वर रेघ ओढायची, ही गोष्ट तिला एखाद्या परक्या घरात शिरून चूल पेटवण्याइतकी उद्दामपणाची वाटली. मग तिला तिचे वडील आठवले. कडेगावचे मोहरमचे ताबूत उभारणाऱ्यांत इमाम मुल्ला हे नाव होते, आणि ते ताबूत वरून खाली बांधत जातात: शेंडा आधी, मग तो उचलून त्याच्या खाली पुढचा मजला, मग तोही उचलून त्याच्याखालचा. तिने तसेच केले. आधी सात रांगांचे माथे काढले, आणि मग एकेका माथ्यापाशी बसून विचारले की आता पाऊस पडला तर हे पाणी कुठे जाईल. पाणी गेले तिथे नदी झाली. नदी थबकली तिथे तळे झाले, आणि जिथे बायकांना घागर घेऊन उतरता येईल असा काठ दिसला तिथे गाव. पहिला कागद पुरा झाला त्या दिवशी आपल्याला हे कुणी सांगितले नव्हते, याचा तिला धसका बसला. जग उत्पन्न करणाऱ्याला असा धसका बसला होता की नाही, याविषयी पोथ्या मौन बाळगतात.

पुढची तीन वर्षे ती शनिवारी दुपारी कचेरी सुटली की कऱ्हाडमार्गे एस्टीने कडेगावला येई आणि रविवारी इंजिनाच्या खोलीत कागद घेऊन बसे. तिच्या आईला, नूरजहांला, हे पटत नसे. "क्या गे, ऐतवारकू बी कागदच?" ती विचारी, पण लालासाहेबांच्या घरून दुधाची चरवी येई आणि प्रश्न तिथेच राही.

खेळाचा एकच नियम कडक होता. पेन्सिलीची रेघ पुसता येई. शाई लागली की मुलूख झाला. तो पुसायचा नाही, खरवडायचा नाही. आणि शाईत चूक निघाली तर तो कागद फाडायचा. त्या कागदावर तोवर जे घडले ते घडलेच नाही असे धरायचे. हा नियम क्रूर आहे असे शमशेरने एकदा म्हटले, तेव्हा लालासाहेबांनी एका हिवाळ्याची गोष्ट सांगितली. बर्फाचा मुलूख, हातात नकाशा, नकाशात नाला डोंगराच्या डाव्या अंगाला. प्रत्यक्षात तो उजव्या अंगाला होता. नऊ माणसे डाव्या अंगाला उतरली. "नकाशा काढनारा मानूस लय हुशार असंल," लालासाहेब म्हणाले होते. "त्यो कुठंतरी उबेला बसला असंल. चुकीचा नकाशा जवळ ठिवायचा न्हाई. येवढंच."



सत्त्याहत्तरच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, ऊसतोडीच्या गाड्यांची खडखड रस्त्यावर चालू असताना, चौथा कागद तपासायला पडला. दार बिजागरीवरून काढून डिझेलच्या दोन बॅरलांवर आडवे टाकले होते; त्यावर चारही कागद कडेला कडा लावून मांडले होते आणि चौथ्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड होते. चौथ्या कागदावर खेळ अकरा महिने चालला होता. पण त्यावर नद्या, गावे आणि वाटा तेवढ्या शाईत होत्या. डोंगरांच्या उंचीच्या रेषा नव्हत्या. नाथाजींना तोफ चौथ्या रांगेपलीकडे न्यायची होती आणि उंची कळल्याशिवाय रेड्यांना हात लावणार नाही असे त्यांनी बजावले होते. म्हणून सुरय्याने दोन महिने खपून शेजारच्या तिसऱ्या कागदावरच्या उंचीशी जुळवत चौथ्यावर रेषा चढवल्या होत्या. शंभर फुटाला एक रेघ, केसासारखी, एकही दुसरीला न शिवणारी.

नाथाजींनी चष्मा पुसला, डिव्हायडर काढला आणि कागदावर वाकले. अर्धा तास गेला. शमशेरने दोन विड्या ओढल्या. मग नाथाजींचा डिव्हायडर एका जागी थांबला, मागे गेला, पुन्हा त्याच जागी आला.

"सुरय्या, ही तांबुळी नदी हितनं निघती."

"व्हय, काका."

"हितवर येती. उंची दोन हजार फूट. तुजंच अक्षर."

"व्हय."

"म्होरं चौथी रांग. माथा तीन हजार चारशे. खिंड न्हाई, फट न्हाई, येक रेघ तुटल्याली न्हाई. सुरेख काडलायस डोंगर." नाथाजींनी चष्म्यावरून पाहिले. "आनि डोंगराच्या पल्याड पुन्ना तांबुळी. सातशे फुटांवर. नाव त्येच, रंग त्योच. मग मला सांग, मधलं अंतर ही नदी यष्टीनं गेली काय?"

शमशेर मोठ्याने हसला आणि मग एकटाच हसतो आहे हे कळून थांबला.

सुरय्याने कागदाकडे पाहिले. नदी डोंगराच्या पायथ्याशी येत होती आणि संपत होती. दुसऱ्या बाजूला पायथ्यातून निघत होती. अकरा महिन्यांत कितीतरी वेळा पाहिलेले ते ठिकाण तिने त्या क्षणी प्रथम पाहिले. आणि तिला सर्वांत भीती वाटली ती या गोष्टीची, की आत्तासुद्धा त्यात तिला काही वावगे दिसत नव्हते.

कारण नदी तशीच जाते. तिचे वडील कोयनानगरच्या वसाहतीत सुतार होते. ती दोन वर्षांची असताना तिथे गेली आणि सोळाव्या वर्षी, भूकंपात घराची भिंत अंगणात आली तेव्हा, बाहेर पडली. मधल्या चौदा वर्षांत तिने नदी म्हणून जी पाहिली ती येत असे, अडवली जात असे, मग डोंगरात शिरत असे आणि पलीकडे कोकणात उतरत असे. कृष्णेकडे निघालेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून मागे फिरून समुद्राकडे जाते, ही गोष्ट त्या वसाहतीतल्या मुलांना सूर्य उगवतो इतकी साधी होती. नदी डोंगर ओलांडत नाही हे तिला पुढे भूगोलाच्या पुस्तकाने सांगितले. त्याच पुस्तकाने तिच्या जिल्ह्याची बोळवण काळी माती, ऊस आणि जवान एवढ्यावर केली होती, त्यामुळे तिच्या हाताने त्याचे ऐकले नसावे.

खोटे बोलायला एक वाक्य पुरले असते. मी मुद्दामच तशी काढली, तिथे गुहा आहे, एवढे म्हटले असते तर लालासाहेबांनी मान डोलावली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर आलेही. पण सात वर्षे दुसऱ्यांच्या चुका स्वच्छ शाईत उतरवून तिला चुकीविषयी एक विचित्र आदर आला होता. स्वतःची पहिली चूक नाकारणे तिला जमले नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "मुद्दाम नाही काढलं. हात गेला."

 लालासाहेब उठले. त्यांनी चौथ्या कागदावरचे दोन दगड उचलून खाली ठेवले, मग उरलेले दोन. कागदाची वरची कड दोन्ही हातांत धरली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळे ते फाडणार याविषयी कुणालाच शंका उरली नाही.

"सुभेदार, आवं जरा थांबा की," शमशेर म्हणाला. "अकरा म्हैनं खेळलोय त्या कागदावर. झुंबरनं तळ्यातनं पाठ काडून आनली सोताची. मी पुन्ना कुठं वाकू?"

"नियम हाय, शमशेर."

"आनि आकारामच्या वाटाड्याचं लगीन झालंय तितं! बायकू गरवार हाय त्येची!"

"नियम हाय."

सुरय्या आपल्या हातांकडे बघत होती. चौथा कागद गेला तर तिसऱ्याच्या नद्या कुठे जाणार, दुसऱ्यातून निघालेले रस्ते कुठे पोचणार. चारांतला एक फाटला की उरलेल्या तिन्हींचाही मुलूख राहणार नाही, नुसती चित्रे राहतील, आणि सोमवारी साडेदहाला ती पुन्हा कापड ताणील. पुन्हा काढता येईल, असे कुणी म्हणेल तर त्याला कळलेलेच नाही. तिने ते काढले नव्हते. पाणी कुठे जाते हे विचारत ती त्यामागून गेली होती. दुसऱ्यांदा ते मार्ग दाखवील याची हमी कुणी द्यावी?

तेव्हा आकाराम बोलले. ते रविवारी फार बोलत नसत. त्यांचा वाटाड्या बोटाने वाट दाखवी आणि पुढे चालू लागे.

"नाथाजी, ती जागा दाव मला."

नाथाजींनी डिव्हायडरचे टोक ठेवले. लालासाहेबांनी कड सोडली नाही, पण कागद थोडा खाली केला. आकारामांनी जाड, भेगाळलेले बोट नदीवर ठेवले आणि ते डोंगराच्या पायथ्यापर्यंत नेले. तिथे ते थांबले नाही. कोऱ्या डोंगरातून, एकेक उंचीची रेघ ओलांडत, हळूहळू पुढे गेले आणि पलीकडच्या तांबुळीवर टेकले.

"म्या चाललोय ह्या वाटंनं," ते म्हणाले.

"कुठल्या?" नाथाजींनी विचारले.

"कोयनेच्या बोगद्यात चार वरसं कामाला व्हतो. तुमी तवा फौजंत. दोन टोकांनी खनत व्हते डोंगूर. आमी धरनाच्या अंगानं, दुसरी टोळी कोकनाच्या अंगानं. मधी दगूड. काळा, गार, लोखंडावानी. सुरुंग लावायचा, धूर बसंस्तवर भाईर यायचं, आत जाऊन दगूड भरायचा. रोज दोन पावलं, चार पावलं. वर ऊन हाय का पाऊस, कळायचं न्हाई. सनवार आलं गेलं, कळायचं न्हाई. मी येकदा मुकादमाला इचारलं, दादा, आपन आंधळ्यावानी चाललोय, ती दुसरी टोळी आपल्याला गावंल कशावरनं? डोंगूर येवढा मोटा. हातभर चुकलो तरी जनमभर येकमेकांच्या बाजूनं खनत जाऊ. मुकादमानं खिशातनं कागूद काडला. घामानं भिजल्याला. त्यावर दोन रेघा आनि मधी मोकळं. म्हनला, आपन हितं हाय, ती तितं हाईत, आनि आपन भेटलोय, बग, कागदावर. म्या म्हनलं, आवं पर आजून तर दगूड हाय मधी. तर त्यो म्हनला, कागदावर न्हाई."

बाहेर एक उसाची गाडी गेली. तिची खडखड संपेपर्यंत आकाराम थांबले.

"आनि मग येके दिशी भिताडातनं आवाज आला. टक, टक. आमी हत्यारं ठिवली खाली. सगळी गप. पुन्ना टक, टक. म्हातारी मान्सं रडाय लागली. मग भोक पडलं, मुठीयेवढं, आनि त्यातनं वारा आला." आकारामांनी हात तोंडासमोर धरला, तळवा आत करून. "भिजल्याला, खारट वारा. आमच्यातल्या कुनी समुद्र बगितला नव्हता. पर समद्यास्नी कळलं, ह्यो त्योच. भोकातनं येक हात आला. कोन कुनाचा, म्हाईत न्हाई. म्या धरला. चार बोटांचा फरक व्हता, नाथाजी. येवढ्या डोंगरात चार बोटांचा. कुन्या मानसानं, जो त्या डोंगरात कवा गेला नव्हता, जायला आत जागाच नव्हती, त्यानं ती वाट आधी कागदावर काडली, आनि आमी मागनं त्या कागदावर चालत गेलो."

"ते इंजनेरांचं काम," नाथाजी म्हणाले, पण त्यांचा आवाज आता डिव्हायडरसारखा टोकदार नव्हता. "त्येनी हिशेब करून काडलं. हिनं चुकून काडलं. सोता कबूल केलंय."

"चुकून काडलं, व्हय." आकाराम लालासाहेबांकडे वळले. "सुभेदार, तुमच्या त्या बर्फातला नकाशा मुलखाच्या मागनं आल्ता. मुलूख आधी व्हता, कागूद मागनं. त्यो चुकला तर मान्सं मरत्यात; त्यो फाडाच. पर ह्यो कागूद मुलखाच्या आधी आलाय. हितं नदी डोंगरात शिरती आनि भाईर पडती, आसं शाईनं लिवलंय. मग आत कुनीतरी खनलं असंल की न्हाई? चूक हाय का न्हाई, ते आत जाऊन आल्याबिगर कसं सांगनार?"

लालासाहेब कागदाकडे पाहत राहिले. त्यांची नजर नदीवर नव्हती. ती त्या दोन नद्यांमधल्या कोऱ्या डोंगरावर होती, जिथे बारीक रेषा एकीवर एक चढत होत्या आणि त्यांच्याखाली काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हते. तीन वर्षे या मुलखातले प्रत्येक दार उघडण्याआधी दारामागे काय आहे ते त्यांना माहीत असे. सांगणाऱ्याला माहीत असावे लागते, नाही तर तो कसला सांगणारा. आता त्यांच्या हातातल्या कागदावर एक दार होते आणि ते त्यांनी ठेवलेले नव्हते, काढणारीनेही ठेवलेले नव्हते. माणसे देव्हाऱ्यासमोर ज्या चेहऱ्याने उभी राहतात तो चेहरा करायची लालासाहेबांना सवय नव्हती. तो त्यांच्या तोंडावर आला तेव्हा नवख्या पाहुण्यासारखा अवघडून बसला.

त्यांनी कागद दारावर पुन्हा पसरला. दगड ठेवायला सुरय्या पुढे झाली, तर तिच्या आधी नाथाजींनी चारही दगड उचलले होते.

"तांबुळीच्या तोंडाशी," लालासाहेब सांगायच्या आवाजात म्हणाले, "कोन कोन उभं हाय?"

"वाटाड्या हाय," आकाराम म्हणाले.

"झुंबर आली," शमशेर म्हणाला. "लुगडं खोचून."

सगळ्यांनी नाथाजींकडे पाहिले.

"तोफ आत जाईल का, ते आधी सांगा," नाथाजी म्हणाले. "रुंदी किती?"

 ज्या लालासाहेबांनी रंगरूटांच्या तुकड्या वाळूच्या मुलखातून नेल्या होत्या ते एका ट्रेसरकडे वळले. "मला म्हाईत न्हाई. सुरय्या, रुंदी किती गं?"

सुरय्याने टाक उचलला आणि खाली ठेवला. या कागदाच्या मापाने तो बोगदा निबेच्या टोकाइतकाही भरला नसता. डोंगरात तो दिसलाच नसता. तिने पिशवीतून कोरी शीट काढली आणि गुंडाळी उलटी वळवून सरळ केली.

"आकारामकाका, तुमचा होता तो केवढा होता?"

आकारामांनी दोन्ही हात पसरले. मग मान हलवली. हे पुरेना. त्यांनी शमशेरला हाताला धरून उभे केले आणि त्याचे हात पसरायला लावले, तरीही पुरेना. तेव्हा ते सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर विहिरीशेजारच्या मोकळ्या जागेत गेले आणि तिथे त्यांनी आपल्या शेजारी शमशेर, शमशेरच्या शेजारी नाथाजी, नाथाजींच्या शेजारी सुभेदार लालासाहेब अशी रांग लावली, बोटाला बोट भिडवून, आठही हात लांब. पन्नाशीच्या आतबाहेरची चार माणसे कापलेल्या उसाच्या रानासमोर पंख पसरल्यासारखी उभी राहिली. रस्त्यावरच्या गाडीवानाने बैल थांबवून पाहिले.

"येवढा," आकाराम म्हणाले. "आनि उंचीला बी येवढाच. गोल."

सुरय्या शीट बगलेत घेऊन त्यांच्यासमोर उभी होती. तिने लालासाहेबांच्या बोटांपासून आकारामांच्या बोटांपर्यंत पाहिले, मग तेवढेच अंतर मनाने उभे केले आणि मान वर करत गेली. मान मागे गेली, पदर खांद्यावर आला, तरी ते संपत नव्हते. डोंगराच्या आत, काळोखात, एवढी नदी. आणि ती तिने काढली होती, नकळत, मंगळवारी की बुधवारी, साताऱ्याच्या खोलीत चहा निवत असताना.

"आतनं वारा येतोय का, काका?" तिने विचारले.

"तू सांग," आकाराम म्हणाले. "म्होरं मी गेल्यालो न्हाई."

तिने विहिरीच्या कठड्यावर शीट पसरली, गुडघ्यावर बसली, आणि खाली कशाचाही आधार नसलेल्या त्या पांढऱ्या कागदावर पहिली कमान ओढायला घेतली. डावीकडून वर चढताना हात थोडा थरथरला. तिने तो थरथरू दिला.

"माजा खांदा भरून आला, सुभेदार," शमशेर पुटपुटला.

"हात खाली करू नगंस, गड्या," नाथाजी म्हणाले. "तोफ अडकंल."

"कुणी हलू नका," सुरय्या मान वर न करता म्हणाली, "अजून अर्धीच झालीये."

कुणी हलले नाही.